क्रम हवा, खोळंबा नको



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलावे. ब्राउझरमधल्या पानाने दूरच्या वेब सर्व्हिसला हाक कशी मारावी, हा विषय त्याने का घ्यावा? शिवाय आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. जे काही शिकलो ते सभासदांचे अर्ज भरता भरता आणि जाणत्या मुलांना विचारता विचारता शिकलो.

परंतु विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या दारात चालत आला. पूर्वी कामगाराचे गाऱ्हाणे कारखान्याच्या दारावर सुरू होई. आज त्याचा पुष्कळसा भाग पडद्यावर सुरू होतो. भविष्यनिर्वाह निधीचा दावा, बांधकाम कामगाराची नोंदणी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले ई-श्रम कार्ड, निवृत्तांचा हयातीचा दाखला, ही सारी कामे आता पानावरची आहेत. ते पान चालले तर हक्क चालतो, ते गोठले तर हक्क गोठतो. तेव्हा पान का गोठते हे समजून घेणे आमच्या कामाचाच भाग झाला आहे.

शीव कोळीवाड्यात, ज्याला जुनी माणसे अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात त्या गुरू तेगबहादूर नगर स्टेशनापासून थोड्या अंतरावर, आमच्या युनियनची एक खोली आहे. घरकाम करणाऱ्या भगिनी, इमारतीवरचे गवंडी आणि बिगारी, फेरीवाले असे लोक रविवारी तेथे अर्ज भरायला येतात. शेजारीच प्रतीक्षानगर आहे. प्रतीक्षा म्हणजे वाट पाहणे. संक्रमण शिबिरांच्या वस्तीला हे नाव ज्याने दिले त्याला माणसे कळत असावीत. आमचे लोक वाट पाहायला भीत नाहीत. आयुष्यभर त्यांनी तेच केले आहे. मात्र आपण कशाची वाट पाहतो आहोत आणि आपले काम पुढे सरकले की नाही, हे त्यांना कळले पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

एका अर्जाचे तीन अर्ज

काही वर्षांमागची गोष्ट. एक भगिनी एका कल्याणकारी योजनेचा अर्ज भरण्यासाठी आमच्या खोलीवर आली. योजना कोणाची, ते सांगण्याचे येथे कारण नाही. दिवसाची मजुरी बुडवून ती आली होती. सर्व माहिती भरून झाली, कागद जोडून झाले, आणि आमच्या मुलाने ‘सादर करा’ ही कळ दाबली. पान जागच्या जागी थिजले. कळ दबलेली दिसेना, काही लिहून येईना. मुलाने पुन्हा दाबली. काही होईना, म्हणून आणखी एकदा दाबली. पाऊण मिनिटाने पान एकदम हलले आणि ‘अर्ज मिळाला’ असे दाखवू लागले. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

महिन्याने निरोप आला, की एकाच व्यक्तीचे तीन अर्ज आल्याने तिन्ही नामंजूर करण्यात येत आहेत. ती भगिनी तो निरोप घेऊन आली आणि एवढेच म्हणाली, “भाऊ, मी तर एकदाच आले होते.”

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कार्यालयात गेलो तर ‘तुमच्या माणसाने तीनदा दाबले’ असे सांगण्यात आले, आणि ते खोटेही नव्हते. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा संगणकाच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. त्याला बोलावले. त्याने तेच पान उघडले, ‘एफ बारा’ ही कळ दाबली, आणि पानाच्या आतल्या बाजूची एक खिडकी उघडून म्हणाला, “काका, हे बघा.” तेथे पिवळ्या पट्टीवर इंग्रजीत एक इशारा होता. त्याचा मथितार्थ असा, की मुख्य धाग्यावर सिंक्रोनस पद्धतीने मागणी करणे आता त्याज्य ठरले आहे, कारण त्याने वापरणाऱ्याला त्रास होतो. म्हणजे ब्राउझर स्वतःच सांगत होता, की या पानात खोट आहे. फक्त तो हे अशा जागी सांगत होता, जेथे कोणताही अर्जदार कधी पाहणार नाही.

त्या इशाऱ्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत गेल्यावर जे कळले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

हाक म्हणजे काय

आपण जे पान पाहतो ते आपल्याच यंत्रावर, ब्राउझर नावाच्या प्रोग्रॅममध्ये उभे असते. नोंदवह्या मात्र दूरच्या यंत्रावर असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. यंत्राने यंत्राकडे काही मागावे किंवा काही सोपवावे, यासाठी सर्व्हरने उघडलेली जी खिडकी असते, तिला वेब सर्व्हिस म्हणतात. आधार क्रमांक बरोबर आहे काय, या जिल्ह्यात तालुके कोणते, हा अर्ज दाखल करून घ्या, अशा मागण्या पान त्या खिडकीवर करते. या मागणीलाच आपण सोयीसाठी हाक म्हणू.

आरंभी पानाला अशी हाक मारताच येत नसे. काहीही हवे असले तरी पूर्ण पान टाकून द्यायचे आणि सर्व्हरकडून नवे आणायचे, अशी रीत होती. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीत एक नवे साधन दिले. ब्राउझरमधून टपाल वाचण्याच्या त्यांच्या प्रोग्रॅमला ते हवे होते. त्या साधनाने पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलता येऊ लागले. इतर ब्राउझरांनीही ते उचलले आणि ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ या लांबलचक नावाने ते रूढ झाले. २००४ चे जीमेल आणि २००५ चे गूगलचे नकाशे पाहून लोक थक्क झाले, ते याच साधनाच्या करामतीने. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन गृहस्थाने या पद्धतीला ‘अजॅक्स’ असे नाव दिले. त्या नावातला पहिला ‘अ’ असिंक्रोनस या शब्दाचा आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

हे साधन वापरताना प्रोग्रॅम लिहिणारा तीन गोष्टी सांगतो. मागणीची पद्धत कोणती, पत्ता कोणता, आणि तिसरी गोष्ट म्हणजे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा एकच शब्द. ‘खरे’ लिहिले तर हाक असिंक्रोनस होते. पान हाक देते आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागते, उत्तर आले की ते हाती घेते. हिला आम्ही चालती हाक म्हणतो. ‘खोटे’ लिहिले तर हाक सिंक्रोनस होते. उत्तर येईपर्यंत पान जागचे हलत नाही. ही थांबती हाक. काहीच लिहिले नाही, तर यंत्र चालती हाकच धरून चालते. याचा अर्थ नीट पाहा. थांबती हाक चुकून होत नाही. कोणीतरी तो ‘खोटे’ शब्द आपल्या हाताने तेथे लिहिलेला असतो.

पानाला धागा एकच

आता त्या इशाऱ्यातील ‘मुख्य धागा’ म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत ज्याला ‘थ्रेड’ म्हणतात तो हा धागा. परळ-लालबागच्या माणसाला धागा समजावून सांगण्याची गरज नाही. पानावरची कामे एकामागून एक ज्या एका सुतात ओवली जातात, ते सूत म्हणजे मुख्य धागा. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक याने दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तेव्हापासून पानामागे हीच भाषा चालते आणि ती मुख्य धाग्यावर चालते. त्याच धाग्यावर पडदा रंगवण्याचे काम असते, त्याच धाग्यावर आपण दाबलेल्या कळा आणि टिचक्या ऐकण्याचे काम असते.

उडप्याच्या लहानशा हॉटेलात एकच पोऱ्या आहे अशी कल्पना करा. तोच टेबल पुसतो, तोच ऑर्डर घेतो, तोच पाणी देतो, तोच गल्ल्यावर बिल सांगतो. भटारखाना आत आहे. शहाणा पोऱ्या काय करतो? ‘चार नंबरला एक मसाला’ असे आत ओरडतो आणि लगेच पाच नंबरला पाणी ठेवतो. डोसा खिडकीवर आला की उचलून चार नंबरला नेतो. एकट्यानेच हॉटेल चालते, कारण तो भाजण्याच्या वेळात उभा राहत नाही. आता मालकाने त्याला हुकूम दिला, की डोसा हातात पडेपर्यंत भटारखान्याच्या खिडकीपासून हलायचे नाही. डोसा तेवढ्याच वेळात तयार होईल. पण तेवढ्या वेळात कोणालाही पाणी मिळणार नाही, कोणाची हाक ऐकली जाणार नाही, आणि दारात उभ्या गिऱ्हाइकाला वाटेल की हॉटेल बंद आहे. पोऱ्या म्हणजे मुख्य धागा, भटारखाना म्हणजे सर्व्हर आणि मालकाचा हुकूम म्हणजे तो ‘खोटे’ हा शब्द.

यंत्राच्या मानाने हा खोळंबा किती मोठा असतो? सामान्य पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका खेपेला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. पडद्याच्या कामाचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्या. एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांपुढे त्याचे लक्ष कामावर टिकत नाही. आमच्या खोलीवर ते पान पाऊण मिनिट गोठले होते.

तीन अर्ज कसे झाले

आता त्या भगिनीच्या अर्जाचे कोडे सुटते. पान गोठलेले असताना दाबलेल्या कळा वाया जात नाहीत. ब्राउझर त्या रांगेत लावून ठेवतो. मुख्य धागा मोकळा झाला, की रांगेतली पहिली टिचकी तो ऐकतो आणि पुन्हा एक हाक मारतो. ती संपली की दुसरी. मुलाने तीन वेळा दाबले, तिन्ही दाबणी इमानेइतबारे पोहोचली. माणसाला वाटले की यंत्र ऐकत नाही. यंत्र मात्र सारे लिहून घेत होते.

येथे कोणी विचारील, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘कृपया थांबा’ अशी पाटी का लावली नाही? लावली होती! त्या मुलाने आम्हाला ती ओळ दाखवली. आधी पाटी लावण्याची ओळ, लगेच खाली थांबती हाक. पण पाटी रंगवायची ती त्याच मुख्य धाग्याने, आणि धागा तर हाकेपाशी उभा. पाटी रंगण्याची पाळी आली ती उत्तर आल्यावर, तेव्हा पाटीचे काम संपले होते. थांबा असे सांगण्याची सवडही जिने ठेवली नाही, अशी ही हाक.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. चालत्या हाकेला मुदत घालता येते. अमुक सेकंदांत उत्तर आले नाही तर सोडून दे आणि मला कळव, असे सांगता येते. मुख्य धाग्यावरच्या थांबत्या हाकेला अशी मुदत घालायला गेले, तर ब्राउझर ती चूक म्हणून नाकारतो. नियमच तसा आहे. म्हणजे जेथे माणूस सर्वाधिक खोळंबतो, तेथेच वाट पाहण्याला शेवट लावता येत नाही. पुष्कळ वेळाने ब्राउझर स्वतःच विचारतो, की पान प्रतिसाद देत नाही, थांबायचे की बंद करायचे? त्रासलेला माणूस बंद करतो. परंतु अर्ज तर केव्हाच सर्व्हरपाशी पोहोचलेला असतो आणि कदाचित नोंदलाही गेलेला असतो. उत्तर ऐकायला पान मात्र उरलेले नसते. उत्तर न मिळणे आणि काम न होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोजच्या व्यवहारात आपण त्यांची गल्लत करतो आणि दुसऱ्यांदा अर्ज भरतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची बाजू

कोणत्याही तंट्यात दुसरी बाजू ऐकल्यावाचून मत देऊ नये, ही आमच्या धंद्याची शिकवण आहे. थांबती हाक लिहिणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्यावर मुदतीचा तगादा असतो, बहुधा तो कंत्राटी असतो, आणि त्याचे एक खरे गाऱ्हाणे असते. त्याला क्रम हवा असतो. आधी आधारची खातरजमा, मग मोबाइलवर आलेला अंक तपासणे, मग अर्ज दाखल करणे, मग पावती. आधीचे झाल्यावाचून पुढचे करता येत नाही. थांबत्या हाकेने प्रोग्रॅम वरून खाली, एका ओळीखाली दुसरी, असा सरळ वाचता येतो. चालत्या हाकेत पूर्वी ‘उत्तर आले की हे कर’ अशी टिपणे लिहावी लागत. टिपणाच्या पोटात टिपण, त्याच्या पोटात आणखी टिपण. गुंता होई आणि चूक कोठे आहे ते सापडत नसे. तेव्हा तो वैतागून ‘खोटे’ हा शब्द लिही आणि मोकळा होई.

त्याचे गाऱ्हाणे खरे असले तरी उपाय चुकीचा होता, कारण त्याने क्रम आणि खोळंबा या दोन गोष्टी एकच मानल्या. आमच्या सांगण्याचा सारा गाभा या एका वाक्यात आहे. गिरणीत क्रम होता. पिंजण झाल्यावाचून कताई नाही, कताईवाचून विणाई नाही. तरीही एका मागावरचा धागा तुटला तर तो माग थांबे, विणकर धागा सांधी आणि माग चालू करी. त्यासाठी सारे खाते बंद ठेवा असे कोणी म्हणत नसे. गिरण्यांच्या आरंभीच्या काळात एका वाफेच्या इंजिनावर, छताखालच्या एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सारे माग फिरत. तेव्हा इंजिन थांबले की खाते थांबे. पुढे मागाला स्वतंत्र मोटर आली आणि हे बंधन सुटले. थांबती हाक लिहिणारा त्या जुन्या दांड्याकडे परत जातो.

क्रम राखूनही खोळंबा टाळता येतो, हे भाषेच्या पुढच्या सुधारणांनी दाखवून दिले. २०१५ च्या आवृत्तीत जावास्क्रिप्टमध्ये ‘प्रॉमिस’ ही वस्तू आली. प्रॉमिस म्हणजे वचन. हाक मारताच पानाच्या हाती एक वचनचिठ्ठी पडते. तिच्या अवस्था तीनच असतात. प्रलंबित, पूर्ण किंवा नाकारलेली. २०१७ मध्ये तिच्या जोडीला ‘असिंक’ आणि ‘अवेट’ असे दोन शब्द आले. ‘अवेट’ लिहिले, की प्रोग्रॅमचे तेवढे प्रकरण चिठ्ठी वटेपर्यंत बाजूला राहते आणि मुख्य धागा मात्र मोकळा होऊन इतर कामे करतो. चिठ्ठी वटली की प्रकरण जेथे थांबले तेथून पुढे चालते. लिहिणाऱ्याला सरळ क्रम मिळतो आणि वापरणाऱ्याला जिवंत पान मिळते. आता ‘खोटे’ लिहिण्याची सबब उरलेली नाही.

थांबती हाक सर्वस्वी वाईट, असेही आमचे म्हणणे नाही. ब्राउझरमध्ये ‘वर्कर’ नावाचा एक वेगळा धागा काढता येतो. पडदा आणि कळा यांच्याशी त्याचा संबंध नसतो. तेथे थांबती हाक मारली तर कोणाचे अडत नाही आणि नियमही तिला परवानगी देतो. प्रश्न थांबण्याचा नसून कोण थांबतो याचा आहे. पान बंद होता होता शेवटची नोंद पाठवण्यासाठीही पुष्कळजण थांबती हाक वापरत. त्यासाठी ‘बीकन’ नावाचे साधे साधन आले, आणि २०२० मध्ये क्रोम ब्राउझरने पान बंद होतानाच्या थांबत्या हाका नाकारण्यास सुरुवात केली.

चालती हाक पुरेशी नाही

आता येथे कोणी टाळ्या वाजवून उठू नये. ‘खोटे’ च्या जागी ‘खरे’ लिहिले म्हणजे कामगाराचे कल्याण झाले, असे होत नाही. चालत्या हाकेची स्वतःची दुखणी आहेत.

पहिले असे, की उत्तरे मागितली त्या क्रमाने येतातच असे नाही. अर्जात जिल्हा ‘ठाणे’ निवडला, मग चूक ध्यानात येऊन ‘रायगड’ केला. तालुक्यांसाठी दोन हाका गेल्या. रायगडचे उत्तर आधी आले आणि ठाण्याचे रेंगाळत नंतर आले, तर जिल्हा रायगड आणि तालुके ठाण्याचे अशी यादी समोर दिसेल. म्हणून नवी हाक मारताना जुनी रद्द करावी, किंवा आलेले उत्तर कोणत्या हाकेचे आहे ते पडताळावे.

दुसरे असे, की पान जिवंत असल्याने माणूस पुन्हा दाबू शकतो. म्हणून एकदा दाबल्यावर कळ बंद दिसली पाहिजे आणि ‘अर्ज पाठवत आहोत’ असे मराठीत लिहून आले पाहिजे. परंतु तेवढ्यावरही विसंबू नये. खरा बंदोबस्त सर्व्हरच्या दारावर हवा. पाठवण्याआधीच अर्जाला एक क्रमांक द्यावा आणि प्रत्येक हाकेबरोबर तो पाठवावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवा अर्ज न नोंदता पहिल्याचेच उत्तर परत द्यावे. तसे असते तर मुलाने तीनदा काय, तीसदा दाबले असते तरी अर्ज एकच राहिला असता. ‘तुमच्या माणसाने तीनदा दाबले’ या आरोपाचे खरे उत्तर हे होते. त्या दिवशी ते आम्हाला ठाऊक नव्हते.

तिसरे असे, की काही कामे मुळातच लांब असतात. कागदांची छाननी सेकंदांत होत नाही. तेथे पानाला तिष्ठत ठेवण्यापेक्षा ‘घेतले आहे, काम व्हायचे आहे’ असे सांगून पोच द्यावी. वेबच्या नियमांत यासाठी २०२ हा सांकेतिक अंक १९९६ पासून छापलेला आहे. २०० म्हणजे झाले, २०२ म्हणजे स्वीकारले. तीस वर्षांची ही सोय पुष्कळ पाने आजही वापरत नाहीत.

पोच आणि मुदत

हे आमच्या देशात जमत नाही, असे कोणी म्हणू नये. याच मुंबईत ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयची प्रायोगिक सुरुवात केली. कोळीवाड्यातली मासळी विकणारी भगिनीही आज त्यावर पैसे घेते. त्या व्यवस्थेच्या पोटात यंत्र यंत्राला जी मागणी करते, तिला आधी नुसती पोच मिळते आणि खरे उत्तर मागाहून वेगळे येते. म्हणजे तेथील हाका चालत्या आहेत. व्यवहार अडकला तर पडदा ‘प्रलंबित’ असे स्पष्ट सांगतो आणि व्यवहाराला क्रमांक असतो.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट कायद्याच्या बाजूची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पलीकडे जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे विलंब झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची, आणि तीही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. वाट पाहण्याला मुदत लागली आणि मुदतीला किंमत लागली. पैशाच्या व्यवहारात हे होऊ शकते, तर मजुराच्या अर्जात का नाही?

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने हक्क ठरवला, अर्जाला क्रमांक देणे बंधनकारक केले आणि अपिलाची पायरी दिली. आमच्या मते पोच आणि मुदत देणारा हा कायदा म्हणजे चालत्या हाकेचेच तत्त्व होय. कायदा चालत्या हाकेचा आणि पान थांबत्या हाकेचे, अशी विसंगती आपण चालू देता कामा नये.

म्हणून आम्ही आमच्या मागणीपत्रात वेतन आणि रजा यांच्या खाली चार ओळी नव्याने घातल्या आहेत, आणि इतर संघटनांनीही त्या घालाव्यात अशी विनंती करतो. कामगारांसाठी केलेले कोणतेही पान उत्तराची वाट पाहताना गोठता कामा नये. अर्ज पाठवण्याआधी त्याला क्रमांक मिळावा आणि तो अर्जदाराला दिसावा. प्रत्येक हाकेला मुदत असावी, आणि ती टळली तर पुढे काय करायचे ते मराठीत सांगावे. एकाच क्रमांकाचा अर्ज कितीही वेळा आला तरी तो एकच धरावा आणि त्या कारणाने कोणाला नामंजूर करू नये. या मागण्यांना मोठा खर्च नाही. ज्याने ते पान लिहिले त्यालाच त्या पुऱ्या करता येतील, आणि मनातून त्यालाही त्या पटतील असा आमचा अनुभव आहे.

अर्ज भरायला बसणाऱ्यांना एवढेच सांगतो. पान गोठले तर पुन्हा दाबू नका. घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा, शक्य तर पडद्याचे छायाचित्र घ्या. पान बंद करावेच लागले, तर दुसरा अर्ज भरण्याआधी पहिला नोंदला गेला आहे काय ते तपासा. आणि कोणी ‘सर्व्हर डाउन आहे’ असे म्हणाले, तर कोणता भाग बंद आहे असे नम्रपणे पण नक्की विचारा. पुष्कळदा सर्व्हर धडधाकट असतो, पानच हात बांधून उभे असते.

त्या भगिनीचा अर्ज पुढे काय झाला, असे आपण विचाराल. तिने चौथा अर्ज भरला. या वेळी आम्ही कळ एकदाच दाबली आणि सारी खोली हात मागे घेऊन पडद्याकडे बघत उभी राहिली. अर्ज मंजूर झाला. पण पहिल्या अर्जाच्या तारखेपासून चौथ्याच्या तारखेपर्यंतचे लाभ तिला मिळाले नाहीत. ते मिळावेत म्हणून आमचे पत्र त्या कार्यालयात आहे. त्याची पोच आमच्यापाशी आहे, उत्तराची मुदत मात्र त्यावर लिहिलेली नाही.